तिसरी घंटा कधी?

पालखी देवळात परतली, पहिली घंटा झाली, दुसरी झाली, आणि पडदा काही हलेना. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या जत्रेतलं मराठी नाटक. पत्रिकेत वेळ रात्री दहाची छापतात. ती बारा समजायची, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. मी खाज्याची पुडी सोडून बसलो होतो. बाजूच्या खुर्चीवर भाचा, हायर सेकंडरीत, बारावीला. त्याने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला.

"मामा, हाफ-लाइफ थ्री कन्फर्म!"

ही बातमी मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा हा बालवाडीत डबा सांडत होता.

"दुसरा खेळलायस?"

"नाही."

"पहिला?"

"नाही. पण तिसरा येतोय ना!"

पहिले दोन अंक न बघता तिसऱ्यासाठी रुमाल टाकून जागा धरणाऱ्या ह्या पिढीचं मला कौतुक वाटतं. पडदा उघडायला वेळ होता, म्हणून त्याला पहिल्यापासून सांगत गेलो. हा गेम आहे काय, पुढचा भाग अडलाय कशात, आणि अधूनमधून उठणाऱ्या अफवांपैकी कुठली किती मनावर घ्यायची. तेच इथे जरा नीट लावून लिहितो. गोष्ट सांगितल्याशिवाय इलाज नाही, त्यामुळे शेवट कळला म्हणून मागाहून भांडायला येऊ नका.

वर काउंटर-स्ट्राइक, आत हाफ-लाइफ

गोव्यात माझ्या वयाच्या कितीतरी जणांनी हाफ-लाइफ चालवलाय, फक्त त्यांना ते माहीत नाही. २००४-०५च्या सुमारास म्हापशाच्या मार्केटजवळ एका मित्राचा सायबर कॅफे होता. मी संध्याकाळचा तिथे गल्ल्यावर बसायचो. आठ कॉम्प्युटर, त्यातला एक कायम आजारी. कॉलेज सुटलं की पोरं यायची आणि एकमेकांच्या कॉम्प्युटरला केबलने जोडून काउंटर-स्ट्राइक खेळायची. आरडाओरडा इतका की शुक्रवारचा बाजार परवडला.

एकदा त्या आजारी कॉम्प्युटरवर गेम उघडेना, म्हणून मी डेस्कटॉपवरच्या चित्रावर राईट-क्लिक करून प्रॉपर्टीज बघितल्या. टार्गेटच्या चौकटीत लिहिलं होतं 'एचएल डॉट ईएक्सई', आणि त्यापुढे बारीक अक्षरांत 'गेम सीस्ट्राइक'. एचएल म्हणजे हाफ-लाइफ. कॉम्प्युटरच्या लेखी ती सगळी पोरं हाफ-लाइफच चालवत होती. काउंटर-स्ट्राइक हा त्यावर चढवलेला वेष. दोन हौशी तरुणांनी १९९९ साली हाफ-लाइफ घेऊन त्यात फेरफार केले आणि त्यातून हा नवा खेळ झाला. अशा फेरफाराला मॉड म्हणतात. हाफ-लाइफच्या कंपनीने पुढे तो मॉड आपल्याकडे घेतला, आणि आज मूळ गेमपेक्षा तोच जास्त लोकांना ठाऊक आहे.

मूळ गेम १९९८च्या नोव्हेंबरात आला. कंपनी व्हॉल्व्ह, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातली. मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या गेब न्यूवेल आणि माइक हॅरिंग्टन या दोघांनी ती १९९६ साली काढली, आणि हा त्यांचा पहिलाच गेम. खरं म्हणजे तो १९९७ सालीच यायचा होता. काम बरंच पुढे गेल्यावर त्यांनी स्वतः खेळून बघितला, मजा येत नाही असं त्यांचं मत झालं, आणि त्यांनी त्यातला बराचसा मोडून वर्षभर पुन्हा घडवला. ही मोडायची खोड लक्षात ठेवा. पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू होतं.

त्या काळी शूटर गेम म्हणजे काय, तर आपल्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा, खाली एक बंदूक, समोर येईल त्याला मारत सुटायचं. गोष्ट असलीच तर खोक्यावर दोन ओळींत छापलेली. हाफ-लाइफमध्ये पहिली कित्येक मिनिटं हातात काहीच नसतं. गॉर्डन फ्रीमन नावाचा २७ वर्षांचा भौतिकशास्त्रज्ञ एका डब्यात बसून कामावर चाललाय. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटाखाली ब्लॅक मेसा नावाची प्रयोगशाळा आहे. डबा सरकतो, खिडकीतून यंत्रं, पाइप, काम करणारे लोक दिसतात, स्पीकरवर सूचना चालू असतात. आपण आपली मान इकडेतिकडे फिरवायची. गॉर्डनला उशीर झालाय. आत गेल्यावर सहकारी टोमणे मारतात. मग तो एका गाड्यावर ठेवलेला नमुना यंत्रात ढकलतो, प्रयोग हाताबाहेर जातो, दुसऱ्या जगाचं दार उघडतं आणि तिथले प्राणी आत यायला लागतात. गॉर्डनच्या हातात पहिलं हत्यार येतं ती खिळे उपटायची लोखंडी कटावणी. पुढे लष्कर येतं, आपण हुश्श करतो, आणि ते सैनिक शास्त्रज्ञांनाच गोळ्या घालायला लागतात, कारण त्यांना साक्षीदार नको आहेत.

यातली खरी करामत गोष्टीत नाही, सांगण्यात आहे. गेम मध्येच थांबवून सिनेमाचा तुकडा दाखवणं, हे व्हॉल्व्हने केलंच नाही. पहिल्या क्षणापासून शेवटापर्यंत आपण गॉर्डनच्याच डोळ्यांनी बघतो, आणि गॉर्डन एक शब्द बोलत नाही. जे घडतं ते आपल्यादेखत घडतं. आपण त्या वेळी दुसरीकडे बघत असलो तर चुकतं. आज हे अनेक गेममध्ये असतं म्हणून विशेष वाटत नाही.

नावाचंही सांगतो. हाफ-लाइफ म्हणजे 'अर्धं आयुष्य' अशी काही तत्त्वज्ञानाची भानगड नाही. किरणोत्सारी पदार्थातले निम्मे अणू विघटित व्हायला जो काळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात. गेमचं चिन्ह ग्रीक अक्षर लॅम्डा, आणि फिजिक्सच्या पुस्तकात विघटनाच्या वेगाचं चिन्हही तेच: ०.६९३ भागिले लॅम्डा केलं की अर्धायुष्य निघतं. गंमत अशी की ह्या हिशेबात पदार्थ कधीच पुरता संपत नाही. अर्ध्याचं अर्धं, त्याचं अर्धं, असं काहीतरी उरतंच. चाहत्यांच्या आशेचंही तसंच चाललंय.

डबा उचल

दुसरा भाग १६ नोव्हेंबर २००४ला आला. तोही वेळेवर नव्हेच. ३० सप्टेंबर २००३ ही तारीख आधी जाहीर केली होती. ती गेली, आणि ऑक्टोबरात भलतंच झालं. जर्मनीतल्या एका तरुणाने व्हॉल्व्हच्या नेटवर्कमध्ये शिरून अर्धवट गेमचा मूळ कोड पळवला आणि तो इंटरनेटवर फुटला. गेम तारखेला का आला नाही हे त्यातून जगाला कळलं: तो तयारच नव्हता. त्या तरुणाला नंतर जर्मन पोलिसांनी पकडलं.

दुसऱ्या भागात नवीन काय, हे भाच्याला समजावायला मी एकच प्रसंग सांगितला. पृथ्वी आता कम्बाइन नावाच्या परग्रही सत्तेने जिंकलेली आहे. गॉर्डन सिटी सेव्हन्टीन नावाच्या शहराच्या रेल्वे स्टेशनवर उतरतो. शहर पूर्व युरोपातल्यासारखं दिसतं, कारण त्याचा रंगरूप ठरवणारा कलादिग्दर्शक व्हिक्टर अँतोनोव्ह मूळचा बल्गेरियाचा. बाहेर पडायच्या वाटेवर तोंडावर मुखवटा चढवलेला एक शिपाई उभा आहे. तो आपल्यासमोर दांडक्याने एक रिकामा डबा खाली पाडतो आणि म्हणतो, हा उचल. उचलला की म्हणतो, कचऱ्याच्या पेटीत टाक.

एवढंच. आता त्यात काय काय आहे बघा. हे राज्य कसं आहे ते एका डब्यात कळलं. आपला अपमान झाला, आणि तो पडद्यावरच्या कुणाचा नव्हे, आपला झाला, कारण कीबोर्डवर बोट आपलं होतं. आणि तिसरं, आपल्या नकळत आपण शिकलो की ह्या जगातल्या वस्तू उचलता येतात, फेकता येतात, त्यांना वजन आहे. तोच डबा शिपायाच्या डोक्यात फेकून मारता येतो. मग तो दांडकं घेऊन मागे लागतो. २००४ साली आम्ही कॅफेत हे पहिल्यांदा केलं तेव्हा आठही कॉम्प्युटरची पोरं एका पडद्याभोवती जमली होती. दहादा मार खाल्ला आणि दहादा डबा फेकला.

तोवर गेममधली खुर्ची म्हणजे भिंतीवर रंगवलेली खुर्ची. हाफ-लाइफ टूमध्ये ती पडते, गडगडते, पाण्यात टाकली तर तरंगते. पुढे ग्रॅव्हिटी गन मिळते. ती गोळी मारत नाही, वस्तू ओढून घेते आणि भिरकावते. करवतीचं पातं, रंगाचा डबा, रेडिएटर, काहीही. एका ठिकाणी भलीमोठी फळी सी-सॉसारखी टेकवलेली आहे आणि बाजूला विटा. एका टोकावर विटा रचल्या की दुसरं टोक वर जातं आणि चढायची वाट तयार होते. हे कोडं सोडवायला गेमर असावं लागत नाही, लहानपणी सी-सॉवर बसलेलं असावं लागतं. माणसांचे चेहरेही तसेच. पॉल एकमन या मानसशास्त्रज्ञाने चेहऱ्याच्या स्नायूंची जी वर्गवारी केली होती तिच्या आधाराने पात्रांच्या भुवया, ओठ, गाल हलवले. त्यामुळे अॅलिक्स व्हॅन्स हे पात्र कसनुसं हसतं तेव्हा ते खरोखर कसनुसं दिसतं.

म्हणजे पहिल्या भागात नवी होती सांगण्याची रीत, आणि दुसऱ्यात जड-हलक्या वस्तूंचं जग. हाफ-लाइफचा मोठा भाग आला की त्यासोबत आधी कुणी न केलेलं काहीतरी आलं. तिसरा इथेच अडकला.

अर्ध्यात पडलेला पडदा

दुसऱ्यानंतर व्हॉल्व्हने ठरवलं की आता सहा-सहा वर्षं लावायची नाहीत. छोटे भाग काढायचे, झटपट. एपिसोड वन जून २००६मध्ये आला, एपिसोड टू ऑक्टोबर २००७मध्ये, आणि एपिसोड थ्री २००७च्याच नाताळात येईल असं आधी सांगितलेलं होतं. तारखा बघितल्या तरी कळतं की 'झटपट' काही जमलं नाही. दुसऱ्या एपिसोडच्या शेवटी अॅलिक्सच्या डोळ्यांदेखत तिच्या वडिलांना, एलाय व्हॅन्स यांना, एक किळसवाणा परग्रही जीव मारून टाकतो. पुढच्या प्रवासासाठी हेलिकॉप्टर तयार आहे, उत्तर ध्रुवाकडे बर्फात बोरिअलिस नावाचं हरवलेलं जहाज शोधायला जायचंय, आणि मुलगी बापाच्या देहावर पडून रडतेय. पडदा. बाहेर जाऊन चहा घेऊन या म्हणाले, आणि लोक आजवर चहाच पीत आहेत. मला विचाराल तर हा प्रेक्षकांवर अन्याय होता. बाप मारायचा तर पुढचा अंक बांधून ठेवावा.

काय झालं ते बऱ्याच वर्षांनी कळलं. २०२४च्या नोव्हेंबरात हाफ-लाइफ टूला २० वर्षं झाली तेव्हा व्हॉल्व्हने एक माहितीपट काढला आणि त्यात एपिसोड थ्रीचं अर्धवट काम दाखवलं. बर्फ फवारणारी बंदूक होती. तिने बर्फाच्या भिंती, वाटा तयार करता येत. आकार बदलत पसरणारा, गोळ्यासारखा लिबलिबीत शत्रू होता. म्हणजे काम सुरू झालं होतं. मग मंडळी लेफ्ट फोर डेड नावाचा दुसरा गेम पुरा करायला गेली. परत येऊन बघतात तो वेळ निघून गेलेली. आता छोटा एपिसोड शोभणार नाही, मोठाच काहीतरी करायला हवा, आणि मोठ्यासाठी नवी कल्पना हातात नाही. न्यूवेल त्यात म्हणतात त्याचा मथितार्थ असा: नुसती गोष्ट पुढे ढकलायची म्हणून गेम काढणं ही पळवाट झाली, खेळणाऱ्याचं देणं त्यातून फिटत नाही.

हे ऐकायला उदात्त वाटतं. पण असं म्हणणं परवडायला खिशात पैसा लागतो, आणि तो स्टीममधून येतो. स्टीम हे व्हॉल्व्हचं २००३ साली सुरू झालेलं ऑनलाइन दुकान. कॉम्प्युटरवर खेळायचा गेम जगात कुणीही तिथे विकला की साधारण ३० टक्के व्हॉल्व्हकडे जातात. गंमत म्हणजे हे दुकान लोकांच्या गळी उतरवलं हाफ-लाइफ टूनेच. सीडी विकत घेतली तरी गेम उघडायला स्टीमवर नोंदणी सक्तीची होती. म्हापशाच्या त्या इंटरनेटवर ते एक काम उरकायला आम्हाला जी संध्याकाळ घालवावी लागली, ती मी अजून विसरलेलो नाही. तर असं हे दुकान बसल्या जागी पैसे देतं. कंपनी शेअर बाजारात नाही, म्हणून तिमाहीला कुणी जाब विचारत नाही. दुसऱ्या कंपन्या दरवर्षी एकाच मालिकेचा नवा भाग काढतात तो हौसेने नव्हे, त्यांना काढावाच लागतो.

शिवाय ह्या कंपनीत साहेब कमी. नव्या नोकरांसाठीची त्यांची पुस्तिका २०१२ साली बाहेर फुटली, त्यात लिहिलंय की टेबलांना चाकं आहेत. जे काम करावंसं वाटेल तिकडे आपलं टेबल ढकलत न्या. आमच्या गावच्या नाटक मंडळाची हीच तऱ्हा आहे. तालमीला येण्याची सक्ती नाही, राजाची भूमिका करायला चौघे तयार, आणि पडदा ओढायला कुणी नाही. छोटं प्रहसन अशाने उत्तम होतं. पाच अंकी संगीत नाटक उभं राहायला मात्र सगळ्यांना एकाच वेळी एकाच ठिकाणी टेबल ढकलावंसं वाटलं पाहिजे.

मधल्या काळात लेखकही गेला. मार्क लेडलॉ, पहिल्यापासूनचा कथाकार, २०१६ साली कंपनीतून बाहेर पडला. २०१७च्या ऑगस्टमध्ये त्याने एक पत्र प्रसिद्ध केलं. पात्रांची नावं आणि लिंगं बदललेली, पण वाचणाऱ्याला तिसऱ्या ओळीत कळावं की हा एपिसोड थ्रीचा सारांश आहे. जहाज सापडतं, ते काळात आणि जागेत लुकलुकत असतं, आणि शेवटी शत्रूपुढे आपण किती क्षुल्लक आहोत एवढंच उमगतं. मी ते पत्र वाचलं आणि माझ्यापुरता विषय मिटला असं धरलं.

मिटला नव्हता. मार्च २०२०मध्ये हाफ-लाइफ अॅलिक्स आला. तिसरा नव्हे, पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधली गोष्ट, आणि ती डोक्यावर व्हीआरचा, म्हणजे आपण गेमच्या जगात आत उभे आहोत असं भासवणारा, चष्मा चढवूनच खेळायची. इथेही तीच खोड: नवी युक्ती मिळाली, हातांची. खरोखर हात पुढे करून कपाट उघडायचं, बंदुकीत गोळ्या भरायच्या, काचेवर मार्करने लिहायचं. तो चष्मा आणि त्याला पेलणारा कॉम्प्युटर घेण्याएवढी ऐपत आमच्या ओळखीत कुणाची नव्हती, त्यामुळे मी तो दुसऱ्याचा खेळताना व्हिडिओवर बघितला. शेवट बघून खुर्चीत उठून बसलो. १३ वर्षांपूर्वीचा तो मृत्यू त्यांनी पुसून टाकला. एलाय जिवंत, त्याच्या बदल्यात अॅलिक्स गायब, आणि एलाय गॉर्डनच्या हातात कटावणी देतो. म्हणजे तिसऱ्या भागाचं दार त्यांनी स्वतःच्या हाताने परत उघडलं.

ओल्या फडक्याखाली काय आहे

आता अफवा. सगळ्या एका मापाने मोजू नयेत.

सर्वांत हलकी म्हणजे आकड्यांची. कुणाच्या भाषणात तीन शब्द आले, फोटोत तीन दिवे दिसले, कशाला तरी कशाने तरी भागून तीन आले की 'कन्फर्म'. ही थट्टा आहे, आणि ती करणाऱ्यांनाही ते ठाऊक आहे. त्याच्या थोडी वर 'आतल्या गोटातून' म्हणून अमुक महिन्यात जाहीर होणार असं सांगणाऱ्यांची. महिना उलटला की पुढचा महिना. मग कलाकार. एका अभिनेत्रीच्या कामांच्या यादीत २०२४ साली 'व्हाइट सँड्स' नावाचा व्हॉल्व्हचा प्रकल्प दिसला, आणि व्हाइट सँड्स हे वाळवंट न्यू मेक्सिकोतलंच, गोष्टीतली ब्लॅक मेसा ज्या राज्यात आहे तिथलं. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी जी-मॅन या गूढ पात्राला आवाज देणाऱ्या माइक शापिरोने एक सूचक व्हिडिओ टाकला. चव येते ह्यांना, पोट भरत नाही.

वजनदार अफवा एकच, आणि तीच समजायला जरा अवघड. तिला डेटामायनिंग म्हणतात.

आपल्याकडे चवथीच्या आधी चित्रशाळेत जाऊन गणपती सांगतात, घरचा पाट नेऊन देतात. समजा तुम्ही तुमचा गणपती किती झाला बघायला गेलात. कोपऱ्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी मोठं आहे. मूर्तिकार सांगत नाही. पण बाजूला पाट उभा आहे, त्यावर खडूने दोन अक्षरं लिहिलीत, माती नेहमीपेक्षा जास्त आलीय, आणि काथ्याचं भेंडोळं पडलंय. तुम्ही अंदाज बांधता.

व्हॉल्व्हचे अलीकडचे गेम एकाच इंजिनवर चालतात, सोर्स टू. इंजिन म्हणजे गेमच्या खालचा पाया: चित्र काढणं, आवाज, धडक, प्रकाश, हे सांभाळणारा प्रोग्राम. डोटा टू, काउंटर-स्ट्राइक टू, डेडलॉक, सगळ्यांचा पाया तोच. पायात केलेला बदल ह्या गेमच्या अपडेटसोबत लाखो लोकांच्या कॉम्प्युटरवर उतरतो. आणि कुणी प्रोग्रामर न जाहीर केलेल्या गेमसाठी पायात काही बसवत असेल, तर त्या कामाची नावं, खुणा साफ करायच्या राहून जातात. उद्योगी माणसं कालची फाइल आणि आजची फाइल शेजारी ठेवून फरक काढतात आणि त्यातले वाचता येणारे शब्द वेचतात. त्यांना गेली काही वर्षं पुन्हापुन्हा 'एचएलएक्स' ही अक्षरं सापडताहेत. त्यांच्या वाचनाप्रमाणे हा व्हीआरचा नव्हे, साध्या पडद्यावरचा गेम आहे आणि वस्तूंच्या भौतिक वागण्यावर त्यात पुष्कळ काम चाललंय. नवी युक्ती असल्याशिवाय व्हॉल्व्ह हलत नाही हे धरलं, तर सगळ्या अफवांत मला हीच विचारात घेण्यासारखी वाटते. ती तारीख सांगत नाही की शेवट सांगत नाही. कसली माती मळली जातेय तेवढं सांगते.

ह्या पद्धतीला पूर्वपुण्याईही आहे. अॅलिक्स जाहीर होण्याआधी फाइलींत 'एचएलव्हीआर' ही अक्षरं अशीच सापडली होती. ती खरी निघाली, गेमही आला.

पण इथे भाच्याला मी थांबवलं, कारण दुसरंही एक उदाहरण आहे. २०१३ साली व्हॉल्व्हची कामं वाटून देणारी अंतर्गत यादी बाहेरच्यांना दिसली, आणि तिच्यात सरळसरळ हाफ-लाइफ थ्री असं नाव होतं. जग नाचलं. गेम आला नाही, म्हणून सगळ्यांनी ठरवलं की ते काहीच नव्हतं. २०२०मध्ये अॅलिक्सच्या निर्मितीचा इतिहास पत्रकार जेफ कीली यांनी प्रसिद्ध केला, त्यातून कळलं की २०१३-१४च्या काळात हाफ-लाइफ थ्रीचा कच्चा नमुना खरोखरच बनला होता. त्यातला काही भाग दर खेळाला वेगळा रचला जाणार होता. सोर्स टू इंजिन तेव्हा अर्धवट होतं, आणि काम बाजूला पडलं.

म्हणजे अफवा खरी होती, आणि गेम तरीही आला नाही. फडक्याखाली मूर्ती होती. ती तडकली, मूर्तिकाराने माती परत मळली. 'बनतोय का' आणि 'येणार का' हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि पाटावरची अक्षरं वाचून पहिल्याचंच उत्तर मिळतं.

"मग आता?" भाचा म्हणाला.

आता एवढंच, की नोव्हेंबर २०२५मध्ये व्हॉल्व्हने एकदम नवी यंत्रं जाहीर केली: टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर, व्हीआरचा चष्मा आणि कंट्रोलर. मोजून तीन. लोकांनी लगेच बोटांवर हिशेब केला की हाफ-लाइफ टू स्टीमपाठोपाठ आला, अॅलिक्स व्हॉल्व्हच्या व्हीआर चष्म्यापाठोपाठ आला, तर ह्या यंत्रांसोबत तिसरा यायलाच हवा. तर्क वाईट नाही. पण त्या घोषणेत ह्या गेमचं नाव कुणी काढलं नाही.

"तुला काय वाटतं, मामा?"

"बनतोय."

"आणि येणार?"

मी पुडीतलं शेवटचं खाजं त्याला दिलं. त्याने ते तोंडात टाकलं आणि मोबाईलवर डबा आणि शिपायाचा तो प्रसंग शोधून काढला. आवाज बंद करून आम्ही दोघं बघत बसलो. खेळणाऱ्याने डबा पेटीत टाकला, बिचाऱ्याने. मग पुन्हा सुरुवातीपासून खेळून शिपायाच्या टाळक्यात मारला. भाचा असा हसला की पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी मागे वळून बघितलं.

"लॅपटॉपवर चालेल ना हा?"

"तुझ्या लॅपटॉपवर? धावेल. २००४चा गेम आहे."

साडेबाराला केव्हातरी तिसरी घंटा झाली. मंडपातले दिवे गेले. त्याच्या हातातला पडदा तेवढा उजळ राहिला, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "ए, मोबाईल बंद कर रे, सुरू झालं!"